रणगाड्याची मालकी आणि वहिवाट

2010 च्या ऑगस्टमध्ये 'वर्ल्ड ऑफ टँक्स' हा व्हिडिओ गेम रशियात रीतसर सुरू झाला आणि 2012 च्या अखेरीस 'वॉर थंडर' सर्वांसाठी खुला झाला. तेव्हापासून या दोन खेळांच्या परिवारात जे अनेक वाद झडले, त्यांपैकी एकाची मुळे थेट विसाव्या शतकाच्या इतिहासात जाऊन पोहोचतात. एका देशाने आराखडा केलेला, दुसऱ्या देशाच्या कारखान्यात बांधलेला आणि तिसऱ्याच देशाच्या सैनिकांनी रणांगणावर चालवलेला रणगाडा खेळात कोणत्या राष्ट्राच्या नावावर चढवावा, असा तो वाद आहे. गेल्या दीड दशकात या प्रश्नाला जी उत्तरे मिळत गेली, ती क्रमाने तपासली असता निर्मिती श्रेष्ठ की पराक्रम, या जुन्या विवादाचाच एक नवा आणि विचार करण्याजोगा अध्याय आपल्यासमोर उलगडतो.

या खेळांची रचनाच अशी आहे की प्रत्येक रणगाड्याला एक आणि एकच राष्ट्र असावे लागते. जुनाट, हलक्या रणगाड्यापासून आरंभ करून खेळाडू एकेक पायरी चढत आधुनिक व अवजड रणगाड्यांपर्यंत पोहोचतो; या चढणीला 'टेक ट्री' म्हणतात आणि प्रत्येक राष्ट्राची ट्री स्वतंत्र असते. वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये तर एका राष्ट्राच्या रणगाड्यावर तयार झालेल्या क्रूची बदली त्याच राष्ट्राच्या दुसऱ्या रणगाड्यावर होऊ शकते, परक्या राष्ट्राच्या रणगाड्यावर नाही. त्यामुळे राष्ट्रीयत्वाचा निवाडा हा केवळ निशाणाचा प्रश्न राहत नाही. खेळाडूचे महिनोन्महिन्यांचे श्रम आणि प्रसंगी रोख पैसाही त्यावर अवलंबून असतो. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यांत कागदोपत्री मालकी एकाची आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट दुसऱ्याची असा जो पेच पडतो, तोच येथे पोलादाच्या बाबतीत पडला.

आरंभीच्या काळात सोव्हिएत संघ, जर्मनी व अमेरिका यांचेच राज्य होते आणि उत्तरही सोपे वाटत होते: ज्याच्या फौजेने वापरला, त्याचा रणगाडा. म्हणूनच ब्रिटनची स्वतःची ट्री 2012 च्या ऑक्टोबरात अवतरण्यापूर्वीच चर्चिल आणि मॅटिल्डा हे अस्सल ब्रिटिश रणगाडे सोव्हिएत निशाणाखाली लढू लागले होते. इंग्रजी रणगाड्यावर लाल तारा पाहून पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु या नोंदीला इतिहासाचा भक्कम आधार होता. ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीने आराखडा केलेले सुमारे 1,400 व्हॅलेंटाइन रणगाडे कॅनडात, माँट्रियलच्या रेल्वे कारखान्यात बांधले गेले, आणि त्यांतील अवघे 30 स्वदेशी ठेवून कॅनडाने बाकी सर्व सोव्हिएत फौजेकडे रवाना केले. दिमित्री लोझा हा सोव्हिएत अधिकारी अमेरिकेत बनलेल्या शर्मन रणगाड्यांवर लढला व 'सोव्हिएत संघाचा वीर' या सर्वोच्च सन्मानास पात्र ठरला; त्याचे सैनिक त्या परदेशी रणगाड्याला लाडाने 'एमचा' म्हणत. पुढे लोझाच्या नावाचा शर्मन खेळातही आला, आणि तो सोव्हिएत ट्रीमध्येच आला.

वापरणाऱ्याचाच हक्क मानण्याच्या या नियमाला पहिला खरा तडा गेला तो चेकोस्लोव्हाकियामुळे. प्रागच्या चेकेडे कारखान्यातील अभियंत्यांनी सिद्ध केलेल्या नव्या हलक्या रणगाड्याची मागणी त्या देशाच्या सैन्याने 1938 मध्ये नोंदवली; संख्या ठरली 150. परंतु त्यातला एकही रणगाडा सैन्याच्या ताब्यात येण्याआधी, 15 मार्च 1939 रोजी, जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि देशासह कारखान्यावरही जप्ती आली. त्याच यंत्रांवर, त्याच कामगारांच्या हातून पुढे 1,400 हून अधिक रणगाडे तयार झाले. मात्र नाव पडले 'पान्झर 38-टी', आणि त्यातला 'टी' हे एक अक्षर तेवढे मूळ देशाची खूण म्हणून शिल्लक राहिले. 1940 साली फ्रान्सवर धावून गेलेल्या रोमेलच्या सातव्या पान्झर डिव्हिजनचा मोठा भार याच चेक रणगाड्यांनी वाहिला.

कित्येक वर्षे हा रणगाडा दोन्ही खेळांत जर्मन म्हणूनच वावरला. वापराच्या कसोटीवर हे चुकीचे म्हणता येत नव्हते. तरीही लुटीचा माल लुटणाऱ्याच्या नावावर कायम करून दिल्यासारखे ते होते, आणि ज्यांचे आजे-पणजे त्या कारखान्यात राबले, त्यांना ते टोचणे स्वाभाविक होते. 2015 च्या अखेरीस वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये चेकोस्लोव्हाकियाची स्वतंत्र ट्री आली आणि तिच्या तिसऱ्या पायरीवर हाच रणगाडा 'एलटी व्हीझेड 38' या आपल्या मूळ नावाने उभा राहिला. जर्मन ट्रीमधली नोंद रद्द झाली नाही. एकच रणगाडा दोन निशाणांखाली, दोन नावांनी नांदू लागला; माझ्या मते या सबंध वादातला हा सर्वांत न्याय्य निवाडा होय.

त्याच्या अलीकडे-पलीकडे आणखी दोन प्रकरणे गाजली. 2013 च्या आरंभी चीनची ट्री आली, तेव्हा तिच्या खालच्या पायऱ्यांवर फ्रेंच रेनॉ, ब्रिटिश व्हिकर्स, अमेरिकन स्टुअर्ट, जपानी ची-हा असा सगळा परकीय मेळावा भरलेला पाहून 'ही तर नुसती कॉपी-पेस्ट' असा ओरडा झाला. वस्तुतः चीनच्या सैन्याचा इतिहासच विकत घेतलेल्या, मदतीत मिळालेल्या आणि शत्रूकडून हिसकावलेल्या शस्त्रांचा आहे. जपान्यांकडून हस्तगत केलेला एक ची-हा रणगाडा आजही बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात सन्मानाने जतन केलेला आहे. 2018 मध्ये पोलंडची पाळी आली आणि तिच्याबरोबर 'पुडेल' हा रणगाडा दाखल झाला. पुडेल म्हणजे वॉर्साच्या उठावात पोलिश बंडखोरांनी पळवलेला जर्मन पँथर. 'झोश्का' बटालियनच्या तरुणांनी असाच एक हस्तगत पँथर पुढे घालून 5 ऑगस्ट 1944 रोजी गेन्शुफ्का येथील छळछावणी फोडली आणि 348 ज्यू बंद्यांची मुक्तता केली. ज्याच्या पोलादाचा कण न् कण जर्मन होता, त्या रणगाड्याने या प्रसंगी केलेले कार्य जर्मनीच्या खाती मांडण्यास कोणाचे मन धजेल?

दरम्यान वॉर थंडरने निराळा मार्ग धरला होता. लहान राष्ट्रांना स्वतंत्र ट्री न देता त्यांना एखाद्या मोठ्या ट्रीच्या आश्रयाला बसवावयाचे, म्हणजे सब-ट्री द्यावयाची, अशी ती योजना. त्या योजनेनुसार फिनलंड स्वीडनकडे गेला, हंगेरी इटलीकडे आणि दक्षिण आफ्रिका ब्रिटनकडे. या व्यवस्थेतून किती गुंता उद्भवतो, हे पाहण्यासाठी 'बीटी-42' हा एकच नमुना पुरेसा आहे. याचे धूड सोव्हिएत बीटी-7 चे, फिन सैनिकांनी युद्धात जिंकलेले. त्या बीटी मालिकेची मूळ कल्पना अमेरिकन संशोधक वॉल्टर ख्रिस्ती याची, कारण सोव्हिएत संघाने त्याच्याकडून दोन नमुने विकत आणले होते. तोफ ब्रिटिश, साडेचार इंची; आणि ती मावेल असा उंच, चौकोनी बुरूज मात्र फिनलंडच्या कारागिरांनी स्वतः घडवलेला. अशी 18 यंत्रे तयार झाली व 1944 च्या उन्हाळ्यात व्हीबोर्गच्या लढाईत ती फारशी यश न मिळवता खर्ची पडली. अमेरिकन कल्पना, सोव्हिएत पोलाद, ब्रिटिश तोफ आणि फिनिश रक्त यांचा हा संगम खेळात वावरतो तो मात्र स्वीडनच्या पदरी, ज्या देशाचा त्याच्याशी शेजारधर्मापलीकडे काही संबंध नव्हता.

हीच व्यवस्था भारताच्या वाट्यालाही आली. टी-90 चा आराखडा रशियन. 2001 साली करार होऊन हे रणगाडे आपल्या सैन्यात आले आणि पुढे 'भीष्म' या नावाने चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात तयार होऊ लागले. वॉर थंडरने त्यांना जागा दिली ती ब्रिटिश ट्रीमध्ये. 'विजयंत' हा आवडीचा जुना रणगाडा व्हिकर्सच्या आराखड्यावरून बनलेला असल्याने त्याला ब्रिटिश कुळ लावले असते, तर ते मी एक वेळ मान्य केले असते. परंतु भीष्माच्या जन्मात ब्रिटनचा हात नाही आणि कर्मातही नाही. स्वातंत्र्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने दाखल झालेले शस्त्र केवळ सोयीखातर जुन्या राज्यकर्त्यांच्या दप्तरी नोंदले जावे, याचे भारतीय खेळाडूंना वैषम्य वाटले, तर तो पोकळ अभिमान म्हणून झिडकारता येणार नाही.

मग कसोटी कोणती मानावी? माझे उत्तर मला पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या चरित्रात सापडते. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचा हा एकवीस वर्षांचा अधिकारी ज्या 'फामागुस्टा' नावाच्या रणगाड्यात होता, तो ब्रिटिश सेंच्युरियन होता, आणि समोरून चालून येणारे पॅटन अमेरिकन होते. रणगाडा पेटला असतानाही तो सोडून येण्यास त्यांनी नकार दिला, शत्रूचे रणगाडे टिपत राहिले आणि तेथेच देह ठेवला. मरणोत्तर परमवीरचक्राने राष्ट्राने त्यांचा गौरव केला. तो फामागुस्टा आज अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जतन करून ठेवलेला आहे. त्याचे पोलाद इंग्लंडचे हे निर्विवाद, आणि तरीही तो भारताचा आहे हेही निर्विवाद. सेंच्युरियन घडवणाऱ्या अभियंत्यांचे श्रेय त्याने उणे होत नाही, आणि त्यांच्या श्रेयाने खेत्रपालांच्या बलिदानात कोणी वाटेकरीही होत नाही.

म्हणून रणगाड्याच्या नोंदीत रकाने दोन असावेत: आराखडा व बांधणी कोणाची, आणि लढला कोणासाठी. खेळाच्या सोयीसाठी एकच निशाण द्यावे लागत असेल, तर ते लढणाऱ्याचे द्यावे. मात्र घडवणाऱ्याचे नाव त्याच पानावर ठळक असावे, आणि ज्या राष्ट्राने ना घडवला ना चालवला, त्याच्या पदरी तो बांधू नये. लाखो तरुण आज युद्धाचा इतिहास पाठ्यपुस्तकाआधी या खेळांतून शिकतात; हे ध्यानी घेऊन खेळ घडवणाऱ्यांनी आपले दप्तर चोख ठेवावे, आणि खेळाडूंनीही निशाणावरून भांडण्याआधी त्या रणगाड्याची सबंध कुळकथा एकदा वाचून घ्यावी, एवढीच विनंती.