परदेशाची सहल आणि उसाचा पैसा



परदेशाची सहल ही आता केवळ नोकरदारांची गोष्ट राहिलेली नाही. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आपल्याही घरात हा विषय निघतो. जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. जावे, आरामात जावे, पण अंदाजपत्रक करून जावे. ते कसे करायचे, हे एका उदाहरणाने पाहू.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या पहाडावर जाऊन वसली. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद, सोयरे तिकडे आहेत. इकडे ऊस, तिकडे कापूस. समजा, इकडचे एक जोडपे आणि जिवतीचे व्याही-विहीण मिळून नेपाळला निघाले. सगळ्यांत जवळचा आणि आवाक्यातला परदेश तोच.

पैसा आपला किती?

उसाचे बिल म्हणजे सगळी शिल्लक नव्हे. त्यातून आधी सोसायटीचे पीककर्ज फेडावे. मुदत चुकली तर ३ लाखांपर्यंतच्या कर्जावरील शून्य टक्के व्याजाची सवलत जाते. मग खोडव्याचे खत-पाणी, मुलांच्या फिया आणि दुखण्याखुपण्याची तजवीज. एवढे करून उरेल तोच सहलीचा पैसा. उसनवारी करून सहल नको.

जिवतीच्या व्याह्यांचाही विचार करावा. पहाडावरील बऱ्याच जमिनींना पट्टे नाहीत, त्यामुळे बँकेचे पीककर्ज मिळत नाही. पेरणीचा पैसा त्यांना स्वतःच उभा करावा लागतो. बरोबरीच्या वाट्याचा हट्ट धरून त्यांना सावकाराच्या दारी पाठवू नये. त्यांना झेपेल तेवढीच सहल आखावी.

केव्हा आणि कसे?

मार्च-एप्रिल दोघांनाही सोयीचा. ऊस गेलेला, कापूस विकलेला आणि नेपाळातले पावसाळी दरड कोसळण्याचे दिवस अजून लांब. मात्र खोडव्याला पाणी कोण देणार, हे आधी ठरवा. त्या माणसाची मजुरी हासुद्धा सहलीचाच खर्च आहे.

जिवतीहून गडचांदूर, राजुरा करीत बल्लारशाह स्टेशन गाठावे. तेथून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. गोरखपूरहून सुमारे १०० किलोमीटरवर सोनौलीची सीमा. पलीकडे गेले की भगवान बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी जवळच, पुढे पोखरा आणि काठमांडू. घरची जीप नेणार असाल तर सीमेवर दिवसाप्रमाणे भन्सार, म्हणजे जकात, भरावी लागते. तीही धरा.

हिशेबाचा नमुना

एका जोडप्याचे १० दिवस. आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. दर चौकशी करून आपापले घालावेत.

रेल्वे व बस : २०,००० रुपये
मुक्काम, ८ रात्री, २,५०० प्रमाणे : २०,०००
चहा-जेवण, १० दिवस, १,२०० प्रमाणे : १२,०००
स्थानिक वाहन व तिकिटे : १०,०००
प्रसाद, खरेदी : ६,०००
अडीअडचणीसाठी राखीव : १२,०००
एकूण : ८०,०००

पैसे कमी पडले तर कात्री कोठे लावायची? खरेदीला लावा, एक शहर कमी करा. रेल्वेचा वातानुकूलित डबा आणि संडास-मोरी खोलीतच असलेले हॉटेल मात्र सोडू नका. साठीच्या माणसाला आराम तिथेच लागतो. राखीव रकमेला तर हातच लावायचा नाही.

फसगत कोठे होते?

नेपाळचा रुपया वेगळा. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांना त्यांचे १६० हा भाव ठरलेला आहे. दुकानदाराने "रुपये" म्हटले की "नेपाळी की भारू?" असे विचारून घ्या. नेपाळी बिलाला १.६ ने भागले की आपला आकडा निघतो. ४,८०० चे बिल म्हणजे आपले ३,०००.

प्रौढांना नुसते आधार कार्ड चालेल असे समजू नका. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र जवळ हवे. जिवतीच्या तेलंगण सीमेवरील १४ गावांत काहींची नावे दोन्ही राज्यांच्या मतदार यादीत आहेत. त्यांनी तो घोळ निघण्याआधीच निस्तरावा.

सहल कंपनीमार्फत जाणार असाल तर दर जीएसटीसह आहे की वेगळा, ते लिहून घ्या. परदेशी सहलीच्या बिलावर टीसीएस नावाची कपातही होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती ७ लाखांपर्यंत ५ टक्के ठरली, पुढे नियम बदलत गेले. म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा. ही रक्कम आयकराच्या हिशेबात वळती होते, कर लागत नसेल तर परत मिळते. पण विवरणपत्र भरले तरच! शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून आपण विवरणपत्र भरत नाही आणि हक्काचा पैसा तसाच पडून राहतो. पॅन क्रमांक द्या, पावती जपा, विवरणपत्र भरा.

शेवटी, हा कागद एकट्याने लिहू नका. घरच्या मंडळींना, विशेषतः घर चालवणाऱ्या बाईला, समोर बसवून लिहा. बेरीज हातातल्या पैशापेक्षा जास्त झाली तर दोन दिवस कमी करा, नाहीतर पुढचा हंगाम धरा. खोडव्याच्या खताचा पैसा मात्र सहलीत घालू नका. पुढच्या वर्षीची सहल त्याच खोडव्यातून निघायची आहे.