डॉक्टर म्हणतात ‘चाला’, पण चालायचं कुठे?

वस्तीत बीपी-शुगर तपासायला बसलो की आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : “डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण कुठे चालू?” घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. शेजारून पूर्व द्रुतगती महामार्ग जातो. आपल्या बहुतेक वस्त्यांत आत पाहावं तर अरुंद गल्ल्या, आणि त्यातच उभ्या केलेल्या दुचाकी.

काही जणी म्हणतात, “दिवसभर कामच तर करतो!” खरं आहे. पाणी भरणं, जिने चढणं हेही हालचालीतच धरतात. पण घरी बसून शिलाई किंवा पॅकिंग करणाऱ्या भगिनींचे पाय तासन् तास हलत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, हा योग्य वेग. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून जेवणानंतरची दहा मिनिटं मोलाची.

मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका, रात्री तळवे तपासा. इन्सुलिन घेत असाल तर सोबत साखर ठेवा. छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवास झेपतो, कष्ट सोसतात, आजार कमी होतात, अन्न पचतं, समाधी टिकते. तेव्हा सुरुवात विहाराच्या आवारातून करा. पाच-सात जणी मिळून फेऱ्या मारल्या की संकोचही जातो.

मात्र सगळा दोष आपल्या आळसाला देऊ नका. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्यावरचा हक्क बजावला. पदपथही सार्वजनिकच आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेला पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालचा हक्क मानला. तुटलेली लादी, उघडं गटार दिसलं की फोटो काढा, महिला मंडळाच्या सह्यांचा अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या. अर्जात भाजीवाल्या मावशीला हटवा असं मात्र लिहू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिलाही संरक्षण दिलं आहे. तिची टोपली आणि आपली पावलं, दोन्हींना जागा मागा.

येत्या पौर्णिमेच्या वंदनेला विहारात जमाल, तेव्हा फेऱ्यांची वेळ ठरवा आणि अर्जावर सह्याही घ्या.