दर्याची राखण : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

पुण्यात नदीच्या कुठल्याही पुलावर सकाळी थोडा वेळ उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. स्कूटर थांबते. मागे बसलेल्या काकू उतरतात, हातातली पिशवी कठड्यावरून खाली सोडतात, डोळे मिटून हात जोडतात आणि स्कूटर पुढे निघते. पिशवी प्लास्टिकची असते. आत झेंडूची फुलं, उदबत्तीचा रिकामा पुडा, कधी काच तडकलेली देवाची तसबीर.

हे पाणी शेवटी कुठल्या समुद्राला मिळतं, असं मी बऱ्याच जणांना विचारून पाहिलं आहे. "अरबी समुद्राला, दुसरं कुठे?" हेच उत्तर बहुतेक वेळा मिळतं. खरं तर मुठेचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत जातं, उजनी धरणात थांबतं, रायचूरच्या बाजूला कृष्णेत मिसळतं आणि श्रीशैलम, नागार्जुनसागर ओलांडून आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळतं. गोदावरीचं तर नवलच. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र शंभर किलोमीटरसुद्धा दूर नाही, पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे 1,465 किलोमीटर पूर्वेला चालत जाते.

'समुद्र कोकणातल्या लोकांचा, आमचा काय संबंध?' हा गैरसमज इथेच मोडतो. महाराष्ट्राचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग पूर्वेकडे उतरतो. नांदेड, सोलापूर, सांगली, छत्रपती संभाजीनगर, चंद्रपूर ही सगळी गावं एका अर्थाने बंगालच्या उपसागराच्या काठावरच वसली आहेत. काकूंची पिशवी जशीच्या तशी हंसलदीवीला पोचते असं नाही. ती बाभळीला अडकते, बंधाऱ्याला तटते, उन्हाने कडक होऊन तुटते आणि तिचे तुकडे पुढच्या पुराची वाट बघत बसतात. मैलापाणी आणि शेतातून वाहून आलेलं जादा खत मात्र इतक्या सहज अडत नाही. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर नदीमुखाजवळ शेवाळ माजतं आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं.

म्हणून समुद्रासाठी काय करता येईल, असं लातूर-नगरच्या कुणी विचारलं तर मी किनाऱ्याचं नाव काढत नाही. निर्माल्य कुंडीत किंवा कलशात टाका, म्हणते. आणि गावातलं मैलापाणी कुठे सोडतात, शुद्धीकरण केंद्र आहे का, असलं तर ते रोज चालतं का, हे नगरसेवकाला विचारा. हा प्रश्न चार सोसायट्यांनी एकत्र येऊन लेखी विचारला, तर त्याचा समुद्राला होणारा उपयोग सहलीला जाऊन उचललेल्या दहा बाटल्यांपेक्षा जास्त आहे.

"किनारा साफ केला की समुद्र वाचला"

किनारा सफाईचं मोल मला कमी करायचं नाही. मुंबईत वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली, तेव्हा तिथे वाळू दिसत नव्हती. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' म्हणून गौरवलं आणि मार्च 2018 मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. सुमारे दोन दशकांनी. फोटोंपुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती अशी : हे लोक एकदा येऊन थांबले नाहीत, वर्षानुवर्षं दर आठवड्याला येत राहिले, आणि नंतर कचरा जिथून येतो त्या नाल्यांकडे, वस्त्यांकडे, मिठी नदीकडे वळले.

कचरा कुठून येतो ते किनाऱ्यावरच वाचता येतं. भरतीचं पाणी जिथवर येऊन मागे फिरतं, तिथे वाळूवर एक काळपट रेघ उमटते. त्या रेघेवर उकिडवं बसून एक ओंजळभर ऐवज उचलून बघा. कान कोरायच्या काड्यांच्या निळ्या-गुलाबी दांड्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचे मणी, हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचे धागे. आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले इवलेसे कोपरे, डझनांनी. पिशवी आपण धुऊन रद्दीवाल्याला देतो, पण तो कोपरा कुणाच्याच हाती लागत नाही. कात्री पूर्ण न चालवता कोपरा पिशवीला लटकता ठेवला, तर तो पिशवीबरोबरच जातो. एवढं साधं काम आहे, उद्या सकाळपासून होण्यासारखं.

त्याच रेघेवर सुकलेलं समुद्रशेवाळ, शिंपले, वाहून आलेली लाकडं, खेकड्यांची बिळंही असतात. हा कचरा नव्हे. त्यावर किडे जगतात, किड्यांवर पक्षी, आणि त्यात वाळू अडकून किनारा उभा राहतो. यंत्र फिरवून किनारा अंगणासारखा गुळगुळीत करणं म्हणजे स्वच्छता नाही. हाताने वेचावं आणि प्लास्टिक तेवढंच वेचावं.

पॅसिफिकमधल्या कचऱ्याच्या 'बेटा'बद्दलही असाच गैरसमज आहे. ज्यावर चालता येईल असं बेट तिथे नाही. मैलोन्‌मैल पसरलेले तुकडे आहेत, बरेचसे डोळ्यांना सहज न दिसणारे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या प्लास्टिकच्या वजनात जवळपास निम्मा वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला. टाकून दिलेलं जाळं मालक नसतानाही मासे धरतच राहतं. बंदरावर फाटकी जाळी जमा करायला जागा ठेवली आणि त्यांना भंगाराचा भाव मिळाला, तर ती पाण्यात जाणार नाहीत. हे मच्छीमार सोसायटीच्या हातातलं काम आहे.

"मच्छीमारच समुद्र संपवतात"

हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. मच्छीमार म्हणजे एकच कुणी नव्हे. भरती-ओहोटीच्या ओढीवर डोल जाळं लावून बोंबील-जवळा धरणारा वेगळा आणि पर्ससीनवाला वेगळा. पर्ससीनमध्ये अख्ख्या थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करतात आणि बटव्याचं तोंड ओढावं तशी खालची दोरी ओढून घेतात. रात्री एलईडीचा झगझगाट करून मासे गोळा केले की मोठ्यांबरोबर पिल्लंही येतात. अशा प्रकाशावरच्या मासेमारीला केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली, पर्ससीनवर राज्याने 2016 मध्ये मर्यादा आणल्या. या दोन्हींसाठी सर्वांत जास्त ओरडले ते पारंपरिक मच्छीमारच.

पावसाळ्यातली बंदीही त्यांना नवी नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. कोळीवाड्यांची जुनी रीत नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर होडी लोटायची, आणि ती पौर्णिमा साधारण ऑगस्टात येते. म्हणजे बापजाद्यांचा नियम बहुतेक वर्षी सरकारी नियमापेक्षा लांबच होता.

जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा सापडला तर काय? त्याला जिवंत सोडायचं तर जाळं कापावं लागतं आणि जाळं म्हणजे घरची पुंजी. डिसेंबर 2018 पासून महाराष्ट्रात अशा कापलेल्या जाळ्यासाठी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. संरक्षण द्यायचं असेल तर त्याचा खर्च एकट्या गरिबावर टाकायचा नाही, हे या योजनेने मान्य केलं. शेजारच्या गुजरातेत 2004 पासून मोरारीबापूंनी व्हेल शार्कला 'व्हाली' म्हणजे लाडकी लेक म्हटलं, माहेरी आलेल्या लेकीला मारतं का कुणी, असं सांगितलं, आणि ज्या किनाऱ्यावर तिची शिकार चाले तिथल्याच मच्छीमारांनी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले.

मग 'मासे खाणंच सोडावं' हा पुढचा गैरसमज येतो. मी सोडलेले नाहीत. पण बाजारात बघण्याची नजर बदलली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवलं आणि त्याच सुमारास 54 जातींसाठी किमान लांबी जाहीर केली. पापलेट 135 मिलिमीटर, सुरमई 370 मिलिमीटर. सोप्या भाषेत, सुरमई सव्वा फुटाच्या आसपास तरी हवी. त्याहून लहान मासा एकदाही न विता पाटीत आलेला असण्याची शक्यता मोठी. तळहातावर मावणाऱ्या पापलेटांचा वाटा स्वस्त पडतो, लहान मुलांच्या ताटाला बरा म्हणून आपण तो उचलतो आणि मागणी तयार होते. पाटीसमोर उभं राहून "मावशी, बारकी नकोत, मोठी कधी येतील?" एवढं विचारलं तरी ते वाक्य बंदरापर्यंत पोचतं, कारण मावशीच लिलावात उभी असते. आणि पापलेट-सुरमईशिवाय जेवण अडत नाही. तारली, मांदेली, बांगडा, बोंबील लवकर वाढतात, लवकर वितात आणि चवीला कुणाच्या मागे नाहीत.

"कांदळवन म्हणजे चिखल, डास आणि पडीक जागा"

तिवर, कांदळ, चिप्पी अशी झाडं खाडीच्या कडेला उभी असतात. शहरात त्यांच्याकडे मोकळा प्लॉट म्हणून पाहिलं जातं. त्यांच्या मुळांच्या जाळीत कोळंबी, जिताडा, खेकडे यांची पिल्लं वाढतात आणि वादळाच्या लाटेचा जोर गावापर्यंत येण्याआधी तिथे मोडतो. डास साचलेल्या पाण्यात होतात. कांदळवनातून दिवसाला दोनदा भरती येऊन पाणी धुऊन नेते. डेब्रिज टाकून किंवा बांध घालून ती वाट अडवली की पाणी साचतं, डास होतात, झाडं वाळतात, आणि मग 'बघा, इथे काही उगवतच नाही' म्हणून भराव टाकतात.

मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवन तोडायला आणि त्याच्या 50 मीटर परिसरात बांधकाम करायला मनाई केली. 2012 मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, असा देशातला पहिलाच. तरी रात्रीत डंपर रिकामे होतात. त्यामुळे शेजारच्या इमारतीतल्या माणसाने तारखेसह, जागेसह काढलेला फोटो आणि केलेली लेखी तक्रार याला फार किंमत आहे. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. झाड उभं राहिलं तर आपली चूल पेटते, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. एक सावधगिरी मात्र हवी : पक्षी जिथे चरतात त्या उघड्या चिखलपट्ट्यांवर हौसेने कांदळ लावू नये. ती जागा रिकामी दिसते, पण नसते.

दगडी भिंतीबद्दलही थोडक्यात सांगते. धूपप्रतिबंधक बंधारा बांधला की किनारा वाचला असं वाटतं. लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याची जमीन आधीपेक्षा वेगाने खाते. काही ठिकाणी घरं वाचवायला दुसरा इलाज नसतो, हे खरं. पण जिथे अजून वाळूचे उंचवटे आहेत, तिथे केवडा आणि मर्यादवेल राखली तर वाळू धरून राहते. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे उगवणारी ती मर्यादवेल. हॉटेलच्या खुर्च्या मांडायला आधी तीच उपटली जाते.

"पिल्लाला उचलून पाण्यात सोडलं की पुण्य"

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. पूर्वी इथे कासवाची घरटी उकरून अंडी नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी कुंपणात राखायला सुरुवात केली. घरटी शोधण्यात तरबेज असलेला माणूसच पुढे सर्वांत चांगला राखणदार ठरतो. मग कासव महोत्सव आला, घराघरात पाहुणे राहू लागले, आमटी-भाताचे पैसे थेट घरच्या बाईच्या हातात पडू लागले.

पहाटे राखणदार घरट्यावरची टोपली उचलतो. खाली वाळू हलते, आधी एक टोकदार काळं डोकं, मग करवंटीच्या तुकड्याएवढं अंग. आणि गर्दीतून हमखास आवाज येतो : "अरे बिचारं दमलंय, उचलून पाण्यात ठेवा की!" ठेवायचं नाही. ते अंतर पिल्लाने स्वतः चालायचं असतं. समुद्राकडे जाण्याची दिशा ते क्षितिजाच्या उजेडावरून ओळखतं, म्हणून मोबाइलचा फ्लॅश किंवा किनाऱ्यावरचा हॅलोजन त्याला उलट गावाकडे वळवतो. पाहुण्याने करायचं ते एवढंच : दोरीच्या मागे उभं राहायचं, दिवा विझवायचा आणि गप्प बसायचं. अंडीही कुणी हौसेने हलवू नयेत. घातल्यापासून काही तासांतच आणि न उलटवता ती हलवावी लागतात, ते शिकलेल्या माणसाचंच काम आहे.

ही कासवं कोकणचीच, इथल्याइथे फिरणारी, असंही बरेच जण समजत होते. 2022 मध्ये कोकणात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी अशी त्यांची नावं. पुढच्या वर्षी तसंच यंत्र घेऊन गुहागरहून निघालेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूचा बिल्ला दिसला : 03233. तो 2021 मध्ये ओडिशात, तिथल्या विणीच्या हंगामात लावलेला होता. ओडिशाहून गुहागर समुद्रमार्गे साडेतीन हजार किलोमीटर आहे, आणि त्या वाटेवर गोदावरीचं मुखही लागतं, कृष्णेचंही.