दुःस्वप्नलोक आणि काचीगुड्यातील एक संपादक

थॉमस मोर यांनी १५१६ साली ‘यूटोपिया’ या ग्रंथात एका आदर्श राज्याचे कल्पनाचित्र रेखाटले. त्याच्या नेमके उलट, माणसाला सर्व बाजूंनी जखडणाऱ्या राज्याचे चित्र रंगविणाऱ्या अनेक कादंबऱ्या विसाव्या शतकात निर्माण झाल्या. अशा साहित्याला ‘डिस्टोपिया’ म्हणतात. मी त्यास ‘दुःस्वप्नलोक’ म्हणतो. तेथील शासन केवळ तुरुंगांच्या बळावर चालत नाही. प्रजेने काय बोलावे आणि काय आठवावे, हेही तेच ठरविते.

जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत हे तंत्र उलगडून दाखविले आहे. तिचा नायक विन्स्टन स्मिथ ‘सत्य मंत्रालया’त नोकरी करतो. वृत्तपत्रांचे जुने अंक सत्ताधारी पक्षाच्या सोयीप्रमाणे बदलणे, हे त्याचे काम. छळ करणाऱ्या खात्याचे नाव मात्र ‘प्रेम मंत्रालय’! शब्द तोच राहतो, अर्थ उलटतो. आणि पडताळून पाहू म्हटले, तर जुना पुरावाच उरलेला नसतो.

हे सारे दूरदेशीचे कल्पित वाटेल. परंतु ऑर्वेल ही कादंबरी पूर्ण करीत होते, त्या १९४८ सालीच आपल्या हैदराबाद संस्थानात ‘रझाकार’ या शब्दाची अशीच गत झाली होती. त्याचा मूळ अर्थ स्वयंसेवक. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत तो दहशतीचे दुसरे नाव ठरला. संस्थानाच्या विलीनीकरणाचा प्रश्न हा धर्माचा प्रश्न आहे, असा रझाकारांचा प्रचार होता. शोएबुल्ला खान या तरुण मुसलमान संपादकाने ‘इमरोज’ या आपल्या उर्दू दैनिकातून विलीनीकरणाचा पुरस्कार केला, तेव्हा त्या प्रचाराचा पायाच डळमळला. ऑगस्ट १९४८ मध्ये याच काचीगुड्यात, रात्री घरी परतत असताना त्यांची हत्या झाली. मारेकऱ्यांनी त्यांचा हात तोडला. त्या हाताने काय लिहिले होते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

तथापि, दुःस्वप्नलोकाचा धडा केवळ प्रतिपक्षाला लावून भागत नाही. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. तिचा अहवाल स्वतंत्र भारताच्या शासनाने अनेक दशके प्रसिद्ध केला नाही. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी आपण अभिमानाने सांगतो आणि सांगाव्यातही. पण त्यांच्या शेजारी हा अहवाल ठेवण्याचे धैर्य आपणांत नसेल, तर सत्य मंत्रालयाचे थोडे काम आपणही करीत आहोत, असेच म्हणावे लागेल.

ऑर्वेल यांच्या कादंबरीस शासनाच्या कृत्रिम भाषेविषयी एक परिशिष्ट जोडलेले आहे. ते भूतकाळात लिहिले असल्याने ती राजवट पुढे लयास गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. मलाही ते पटते. कोठेतरी कोणीतरी कागद जपून ठेवला असला पाहिजे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : घरात त्या काळातील पत्रे, रोजनिशा, मराठी, उर्दू वा तेलुगू वृत्तपत्रांचे अंक असतील, तर ते रद्दीत घालू नयेत, एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत. न आवडणारे कागदही.