माल कुठे, नोंद कुठे

विषयाचं नाव ‘औद्योगिक सप्लाय चेनचं डिजिटलायझेशन’ असल्यामुळे मुलं पहिल्याच तासाला लॅपटॉप उघडून बसलेली असतात. मी टेबलावर दोन बेअरिंगं ठेवते आणि लॅपटॉप मिटायला सांगते.

दोन्ही बेअरिंगं ६२०४. आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. एकाच्या दोन्ही अंगांना पत्र्याची चकती आहे, त्याला झेडझेड म्हणतात. दुसऱ्याला रबरी सील आहे, ते टूआरएस. मुलं ती हातात घेऊन फिरवतात, कानाशी नेतात, पुढच्या बाकावर देतात. बॅच वाणिज्य शाखेची असेल तर निम्म्यांनी बेअरिंग आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतलेलं असतं. दोन्ही सगळ्यांच्या हातांतून फिरून आली की एक्सेलची यादी वाटते. कॉलेजात येण्याआधी मी महापे एमआयडीसीत परचेसमध्ये नोकरी केली. तिथे पाहिलेल्या आयटम मास्टरवरून, म्हणजे संगणकातल्या मालाच्या नोंदीवरून, ही यादी बेतली आहे. तिच्यात हीच बेअरिंगं पाच ओळींत पाच नावांनी आहेत: ‘बेअरिंग ६२०४’, ‘बीआरजी ६२०४ झेडझेड’, ‘६२०४-टूझेड’, ‘बॉल बेअरिंग २० आयडी’, ‘६२०४ टूआरएस’. प्रश्न साधा असतो: वस्तू किती?

हुशार मुलं फाइंड-रिप्लेस मारून दोन मिनिटांत ‘एक’ म्हणतात. सावध मुलं पाच म्हणतात. दोघंही चुकतात. झेडझेड आणि टूझेड एकच, फक्त बनवणाऱ्या कंपन्यांची लिहिण्याची पद्धत वेगळी. टूआरएस मात्र वेगळंच. धुळीच्या, पाण्याच्या जागी झेडझेड बसवलं तर ते फार दिवस टिकत नाही. उरलेल्या दोन ओळी नेमक्या कशाच्या, हे कुठल्याच फॉर्म्युल्याने कळत नाही. स्टोअरमध्ये जाऊन रॅकवरचा डबा उघडावा लागतो.

यावर मी पूर्ण तास घालवते, कारण कारखान्यातलं निम्मं दुखणं इथेच असतं. रात्रपाळीत मशीन बंद पडतं, स्टोअरकीपर संगणकात पाहतो, स्टॉक शून्य. सकाळी परचेसवाला तातडीची ऑर्डर काढून जास्त पैसे मोजतो. बेअरिंग मात्र तिसऱ्या रॅकवर दुसऱ्या नावाने पडलेलं असतं. अशा गोदामात लाखो रुपयांचं ईआरपी सॉफ्टवेअर आणून बसवलं, तरी ते त्याच पाच ओळी अधिक वेगाने दाखवतं. डिजिटल शब्दाभोवती जी आरास मांडली जाते तिचा मला कंटाळा आहे. पण मुलांना नोकरीच्या मुलाखतीत तीच आरास विचारतात, त्यामुळे तीही शिकवावी लागते.

हा विषय नवी मुंबईत शिकवण्याचा एक फायदा आहे. उदाहरण शोधायला पुस्तक उघडावं लागत नाही. एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा कारखान्यांचा पट्टा, दुसऱ्या बाजूला तळोजा एमआयडीसी, मधे कळंबोलीचं लोखंड-पोलाद मार्केट. खाली उरणकडे गेलं की २६ मे १९८९ रोजी सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर आहे. बंदराचं नाव आता जेएनपीए झालंय, पण वर्गात आणि ट्रेलरवाल्यांच्या तोंडी ते अजून जेएनपीटीच. वर्गात जासई, करळ, धुतूमकडची मुलं असतात. कोणाचा भाऊ सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरायच्या-उतरवायच्या आवारात सर्व्हेअर, कोणाच्या घरचे दोन ट्रेलर. कंटेनरला ती ‘बॉक्स’ म्हणतात. पनवेलच्या सोसायट्यांतून आलेल्या मुलांना बॉक्स म्हणजे काय हे तीच समजावून सांगतात, आणि तेवढा वेळ मला खुर्चीवर बसता येतं.

दुसऱ्या आठवड्यात कंटेनरचा नंबर. चार अक्षरं आणि सात आकडे, जगभर एकच पद्धत. त्यातला अकरावा, म्हणजे शेवटचा आकडा स्वतंत्र चौकटीत रंगवलेला असतो. तो चौकटीत का, हे रोज ट्रेलर पाहणाऱ्या मुलांनाही सांगता येत नाही. मी फळ्यावर पाठ्यपुस्तकांतलं नेहमीचं उदाहरण लिहिते: सीएसक्यूयू ३०५४३८, आणि शेवटची चौकट रिकामी ठेवते.

अक्षरांना किंमत असते. ए म्हणजे १०, बी म्हणजे १२. अकराच्या पटीतले आकडे गाळायचे, म्हणून ११ वगळला. या हिशेबाने सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. आता डावीकडून पहिल्याला १ ने गुणायचं, दुसऱ्याला २ ने, मग ४, ८, १६, असं दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने. बेरीज ६१८५ येते. तिला ११ ने भागलं की बाकी ३. चौकटीत ३. आता मी मधले ५ आणि ४ उलटे लिहिते. घाईत टाइप करताना नेमकं हेच होतं. बेरीज ६२४९ होते, बाकी १. चौकटीतल्या ३ शी जुळत नाही, संगणक नंबर परत करतो.

वर्गात इथे खरा आनंद पसरतो. मुलं मोबाइलमधले कंटेनरचे फोटो काढून गणित जुळतंय का बघायला लागतात. आनंद ओसरायच्या आत मी विचारते: नंबर अगदी बरोबर टाइप केला, पण शेजारच्या ट्रेलरच्या नावावर टाकला, तर? शेवटचा आकडा बिचारा काय करणार? नंबर नियमात बसतो की नाही एवढंच त्याला कळतं. नंबर खरा असला तरी नोंद खोटी असू शकते.

पुढचे दोन-तीन तास भरभर जातात. जुलै २०१६ मध्ये न्हावा-शेवा बंदरात लॉजिस्टिक्स डेटा बँकेचं काम सुरू झालं. कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावायचा आणि टोलनाक्यांवरच्या रीडरनी तो वाचायचा, म्हणजे नंबर टाकला की बॉक्स शेवटचा कुठे दिसला ते कळतं. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवरच्या उलाढालीला जीएसटीचं ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. ती मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली, म्हणजे तळोज्यातला छोटा फॅब्रिकेटरही त्यात आला. परीक्षेला येतं म्हणून मुलं हे पाठ करतात.

खरी गंमत गोदामाच्या भेटीत असते. तळोज्याजवळच्या एका गोदामात दरवर्षी जातो. मुलांना सुरक्षा जॅकेट देतात आणि डॉकपाशी उभं करतात. समोर ट्रक लागलेला, माथाडी कामगार खोकी उतरवतायत, चेकरच्या हातात स्कॅनर, त्याला सगळे ‘गन’ म्हणतात. प्रत्येक खोक्याला एक टीं. एका वर्षी बघता बघता एका मुलीने मला कोपराने खुणावलं. चेकर एकाच खोक्यावर गन रोखून ओळीने टीं टीं टीं करत होता. पॅलेटवरची मागची खोकी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, त्यांची लेबलं दिसत नव्हती. खोकी फिरवायची म्हणजे माथाडींचं काम थांबवायचं, आणि मागे दुसरा ट्रक हॉर्न देत होता.

परतीच्या बसमध्ये याच्यावरच वाद. काही मुलांच्या मते चेकर कामचोर. पण त्याने खोकी डोळ्यांनी मोजली होती, संख्या बरोबरच होती. खोट बारकोडात होती. त्या खोक्यांवर फक्त मालाचा कोड होता, आपल्या किराण्याच्या पुड्यावर ८९० ने सुरू होणारा असतो तसा. एका जातीच्या सगळ्या खोक्यांवर तो सारखाच, त्यामुळे एकच खोकं दहादा वाचलं की संगणक दहा मोजतो. प्रत्येक खोक्याला स्वतःचा वेगळा अठरा आकडी क्रमांक दिला असता, तर दुसऱ्याच टींला गनने नकार दिला असता. मात्र तसं लेबल छापायचा खर्च माल पाठवणाऱ्याचा आणि फायदा गोदामवाल्याचा. तो खर्च कोणी करायचा, इथे गाडी अडते. एका मुलाने विचारलं, “मॅडम, मग हा प्रश्न आयटीचा की पैशांचा?” तेवढ्यात बस कळंबोली सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि वाद घालायला भरपूर वेळ मिळाला.

हाच प्रश्न ब्लॉकचेनच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चोपडीच्या वेळी पुन्हा येतो. दर बॅचमध्ये निदान एका गटाला प्रोजेक्ट ब्लॉकचेनवरच करायचं असतं. मी त्यांना ट्रेडलेन्सची हकिकत वाचायला देते. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम या दोन बलाढ्यांनी २०१८ मध्ये जहाजी मालाच्या कागदपत्रांसाठी ब्लॉकचेनवर चालणारा मंच उभा केला. तो चालत होता, पण सगळ्या उद्योगाचं जेवढं सहकार्य लागतं तेवढं मिळालं नाही, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करत असल्याचं त्यांनीच जाहीर केलं. प्रतिस्पर्ध्याच्या चोपडीत आपला हिशेब कोण लिहील? गट एक दिवस हिरमुसतो आणि मग बहुतेकदा आयटम मास्टरवर प्रोजेक्ट करतो.

सेमिस्टरच्या मध्यावर एक तास पूर्ण कागदावर असतो. कारण २७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला आणि मर्स्कचे संगणक जगभर बंद पडले. न्हावा-शेव्याचं गेटवे टर्मिनल त्याच गटाचं, तेही ठप्प. १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढच्या जानेवारीत डावोसला सांगितलं. सगळ्या यंत्रणेची किल्ली ठरेल अशा डेटाची एक प्रत घानाच्या ऑफिसात शाबूत सापडली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगचे असे आभार दुसऱ्या कोणी मानले नसतील.

त्या तासाला वर्गात टर्मिनल मांडतो. फाटकावर दोघं, यार्डात चौघं, बाकीचे ट्रेलरचे ड्रायव्हर. खडूच्या डब्या म्हणजे बॉक्स, चार-चारच्या थप्प्या. नोंदी वहीत. पहिली दहा मिनिटं हसण्यात जातात. मग एक ड्रायव्हर विशिष्ट नंबरचा बॉक्स मागतो आणि तो कुठल्या थप्पीत, कितव्या थरात आहे हे कोणालाच सांगता येत नाही. फाटकावरच्यांनी आत काय आलं ते लिहिलं, यार्डातल्यांनी कुठे ठेवलं ते लिहिलंच नाही. ते काम एरवी संगणक करतो. एका डबीसाठी तीन थप्प्या उतरवल्या जातात, बाहेर ड्रायव्हरांची रांग आणि शेवटी खरोखरची बाचाबाची. त्या रांगेतल्या एकाने मला सांगितलं की त्याचे काका २०१७ ला जेएनपीटीच्या रांगेत होते, पण व्हायरस-बियरस त्यांच्या कानावर आलंच नव्हतं. ‘सिस्टीम डाऊन’ एवढंच त्यांना सांगितलेलं.

अंतिम परीक्षेतला एक प्रश्न मी ई-वे बिलावर काढते. राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरचा माल न्यायला ते लागतं. पार्ट-एमध्ये मालाचा तपशील, पार्ट-बीमध्ये गाडीचा नंबर. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. एका वर्षी प्रश्न असा होता: तळोज्याहून ५५० किलोमीटरवरच्या कारखान्याला निघालेल्या गाडीचा क्लच कसारा घाटात गेला, माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला, कोणी, काय, कधी करायचं?

बहुतेकांनी नियम बरोबर लिहिला. गाडी बदलली की पार्ट-बी बदलायचा. मुदत पुरत नसेल तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यायची. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टरच्या मुलाने मात्र पानभर लिहिलं. ड्रायव्हर आधी शेठला फोन करतो. शेठ पडघा किंवा इगतपुरीला ओळखीचा रिकामा ट्रेलर बघतो. माल नव्या गाडीत भरण्याआधी ड्रायव्हर नंबरप्लेटचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, कारण फोनवर ‘बी’ आणि ‘डी’ सारखेच ऐकू येतात. ऑफिसातली मुलगी फोटो बघून पार्ट-बी भरते, नवं बिल परत फोटोने ड्रायव्हरला पाठवते, आणि ते हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. खाली त्याने हमालीचे आणि क्रेनचे पैसे कोण देतो तेही लिहिलं होतं.

मी दहापैकी दहा दिले. मॉडरेशनला पेपर गेला, तिथे दोन कापले गेले. शेरा होता: ‘रिअल-टाइम व्हिजिबिलिटीचा उल्लेख नाही.’