बेटावर आलेले उंदीर

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकास बिग साउथ केप नावाचे लहानसे बेट आहे. वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारे सस्तन प्राणी या देशात मूळचे नव्हतेच. त्यामुळे तेथील पाखरांना उंदरामांजरांची भीती ठाऊक नव्हती.

या बेटावर तिएके नावाचा गाणारा पक्षी राही. अंग काळेभोर, चोचीच्या मुळाशी नारिंगी लोलके आणि पाठीवर खोगीर घातल्यासारखा तांबूस पट्टा, असे त्याचे रूप. तो पालापाचोळ्यातील किडे वेची आणि झाडांच्या ढोलींत, पुष्कळदा भुईलगतच, घरटे करी.

१९६४ साली बेटावर उंदरांचा सुळसुळाट झालेला आढळला. ते नावांतून आले असावेत. उंदीर झाडावर सहज चढतो, वासाने घरटे हुडकतो आणि अंडी व पिल्ले फस्त करतो. अंडी उबवणारी मादीही त्याच्या तावडीत सापडते. मग पुढची पिढीच खुंटते.

त्याच वर्षी वन्यजीव खात्याच्या माणसांनी ३६ तिएके पकडून उंदीर नसलेल्या दोन बेटांवर नेऊन सोडले. आजचे दक्षिणेकडील सारे तिएके त्यांचेच वंशज होत. बुश रेन या चिमुकल्या पक्ष्यासही असेच हलवले होते. परंतु तो वाचला नाही.

२००६ साली बिग साउथ केपवरील उंदरांचा नायनाट करण्यात आला. तिएके तगला; बुश रेन मात्र जगातून कायमचा नाहीसा झाला. म्हणूनच आता अशा बेटांकडे नाव निघण्यापूर्वी तीत उंदीर दडलेला नाही ना, हे कसून तपासतात.