दिलगिरीची चौकट

टिळक आणि आगरकर मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली होती, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतो आहे, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केला, तो हाती आलेल्या पत्रांच्या भरवशावर. बर्व्यांनी फिर्याद केली, पत्रे बनावट निघाली, संपादकांनी माफी मागितली. तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झालीच. जामिनाच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या शब्दाखातर रामशेठ उरवणे दहा हजारांना उभे राहिले होते. सुटल्यावर दोघांचे जंगी स्वागत झाले. त्या गर्दीत बर्व्यांच्या अब्रूचे काय झाले, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळतो आहे.

त्याआधी वीस वर्षे याच मुंबईत वेगळे घडले होते. 'सत्यप्रकाश'चे संपादक करसनदास मुळजी यांनी वैष्णव महाराजांच्या दुराचारावर लिहिले, तेव्हा जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा दावा ठोकला. भाऊ दाजी लाडांनी डॉक्टर म्हणून निर्भीड साक्ष दिली आणि १८६२ मध्ये करसनदास जिंकले. छापलेले खरे होते, एवढ्यावर ते तरले.

पण खरेपणा सगळीकडे तारतोच असे नाही. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात मजकूर खरा ठरला की बचाव पुरा होतो. फौजदारीत खऱ्याबरोबर लोकहितही दाखवावे लागते. १८६० च्या दंडसंहितेतले बदनामीचे हे कलम, त्याच्या दहा अपवादांसह, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ क्रमांकाने नांदते आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची, आता जोडीला समाजसेवेचा पर्याय. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हा गुन्हा घटनेला धरून असल्याचे सांगितले. मला तो निकाल पटलेला नाही. तालुक्याच्या साप्ताहिकाच्या संपादकाला शिक्षेची भीती नसते, तारखांची असते. समन्स, वकील, एसटीचे भाडे आणि प्रत्येक तारखेला बुडणारा अंक. तो निर्दोष सुटेपर्यंत पुढची बातमी लिहायची त्याची उमेद संपलेली असते.

खासगीपणाचे गणित याहून निराळे. बदनामीत सत्य वाचवते. इथे सत्यानेच जखम होते. कुणाचा आजार, कुणाचे लग्न, कुणाचे मूल, सगळे खरे असूनही छापायचे नसते. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात, 'नक्कीरन' साप्ताहिकाने फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचे आत्मचरित्र छापायचे ठरवले तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने रेघ आखली. माणसाला आपल्यापुरते राहू द्यावे. सार्वजनिक दप्तरात आलेले मात्र छापता येते. आणि अधिकाऱ्यांनी बदनामीच्या भीतीने छपाई आधीच रोखू नये. पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. तो हक्क सांभाळणारा २०२३ चा कायदा आला, तेव्हा आधीच्या मसुद्यांतली पत्रकारितेची सवलत गळून पडली होती. शिवाय त्याच कायद्याने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीची अटही बदलली आणि लोकहित दाखवून ती मिळवण्याची त्या कलमातली वाट बुजवली. सामान्यांच्या रक्षणासाठी मागितलेली ढाल अशी भलत्याच हाती जाऊ नये.

पडद्यावरच्या बदनामीचे सर्वांत बोलके प्रकरण पुण्यातले आहे. २००८ मध्ये एका इंग्रजी वृत्तवाहिनीने घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायाधीशांच्या जागी निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र दाखवले, काही सेकंदच. चूक कळताच चित्र थांबले, पण दिलगिरी लगेच आली नाही. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटींची भरपाई ठरवली. हा आकडा अवाढव्य होता, एखादे छोटे वृत्तपत्र त्याखाली कायमचे गाडले गेले असते. सावंतांचा राग मात्र मला समजतो: चूक घडते, ती कबूल करायला इतका वेळ का?

आता छापखाना प्रत्येकाच्या खिशात आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या मजकुरासाठी अटक झाली. त्यातून पेटलेल्या वादानंतर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६-अ गेले. त्याच निकालाने सांगितले, की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच मजकूर काढण्याची जबाबदारी संकेतस्थळावर येते. ते योग्यच झाले, नाहीतर बलदंडांच्या एका नोटिशीवर बातम्या पुसल्या गेल्या असत्या. मात्र बदनामीचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून वर्षभरात लावावा लागतो आणि लिंक तर वर्षानुवर्षे उघडत राहते. खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका गृहस्थाचे निकालपत्र सर्चमध्ये दिसू नये, असा अंतरिम आदेश २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिला; बाकीच्यांना अजून ठरलेली वाट नाही.

मी एका दैनिकात उपसंपादक असताना एक शिक्षक निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रत घेऊन आले होते. त्यांच्या अटकेची बातमी आम्ही पहिल्या पानावर, छायाचित्रासह दिली होती. भरपाई नको, तिथेच तेवढ्याच जागेत छापा, एवढेच ते म्हणाले. आम्ही सातव्या पानावर चार ओळींची चौकट दिली. पुढे जुने अंक इंटरनेटवर चढवले, तेव्हा पहिली पाने चढली, आतली राहून गेली.